पालथे चमचे

१२ नोव्हेंबर

थोरले,

खुशाली विचारत नाही, कारण तू सांगणार नाहीस. आमची कळवत नाही, कारण तू विचारलेली नाहीस. कामाचं लिहिते. घरचा पत्ता तू दिला नाहीस, म्हणून तुझ्या वाचनालयाच्या पत्त्यावर टाकते आहे. तुझ्या हाताखालच्या पोरींनी फोडून वाचलं तर वाचू दे, तेवढंच त्यांचं वाचन वाढेल.

मला पुस्तकं हवीत.

माझ्या एकटीसाठी नव्हे. माझी शाळा तिसरीत सुटली आणि डोळे आता छापील अक्षरावर ठरत नाहीत. लिहिता येतं, कारण लिहिताना चाल माझी असते. वाचताना दुसऱ्याच्या चालीनं चालावं लागतं आणि तो कुठल्या खड्ड्यात नेईल सांगता येत नाही. पुस्तकं टेबलासाठी हवीत, जेवणानंतरच्या वाचनासाठी.

तुझे बाबा गेल्यापासून त्यांच्या खुर्चीत तुझा धाकटा भाऊ बसतो. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दिवसभर अडकलेल्या लोकांना दाराबाहेरून "घाबरू नका, उघडतोय" असं ओरडून सांगतो आणि तोच आवाज घरी घेऊन येतो. पूर्णविराम आला तरी थांबत नाही. दम संपला की मात्र कुठंही थांबतो. "परमेश्वरानं" एका श्वासात, मग खोकला, आणि काय केलं ते पुढच्या श्वासात. तोवर परमेश्वरही कंटाळत असेल. बाबांना तू आधी पुस्तक वाचून, दम घ्यायच्या जागी पेन्सिलीचे ठिपके घालून द्यायचीस. पाल्हाळ असेल तिथं बारीक रेघ. ह्याला कोण घालून देणार? ह्यानं कुणाला मागितलेही नाहीत म्हणा.

परवा त्यानं पाळकांनी सुचवलेलं पुस्तक आणलं. 'सुखी घराच्या बारा पायऱ्या'. कव्हरावर आई, बाप, दोन मुलं आणि कुत्रा. सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र, कुत्र्याचे जास्तच. पहिली पायरी अशी, की पहाटे उठून घरातल्या प्रत्येकानं एकमेकांचे आभार मानावेत. सूनबाई हॉस्पिटलातली रात्रपाळी करून आलेली, डोळे तारवटलेले. म्हणाली, "पहाटे मी वॉर्डात असते. आभार कुणाचे मानू, सलाईनचे?" खांबानं ऐकलंच नाही. खांब म्हणजे तुझा भाचा. तू पाहिलास त्याच्या दीडपट उंच झालाय आणि तोंड उघडायचं म्हटलं की किल्ली शोधावी लागते. तुझ्या भाचीचं, टिटवीचं, उलट आहे. तिचं तोंड मिटायला किल्ली लागते.

तिसऱ्या संध्याकाळी चमचे ठेवले. बाबांचा नियम मी मोडू दिलेला नाही. पुस्तकाला तीन संध्याकाळी द्यायच्या. मग जेवलेला चमचा पुसून आपल्यासमोर ठेवायचा. उताणा म्हणजे पुढं वाचा, पालथा म्हणजे पुस्तक टेबलावरून खाली. ज्या बाजूला चमचे जास्त ती बाजू. कारण सांगायचं नाही, वाद घालायचा नाही, आणि जो टेबलाशी नाही त्याला चमचा नाही. बारा पायऱ्यांना चार पालथे पडले. टिटवीनं दोन घातले, एक तिचा आणि एक वाढायचा, तो मी मोजला नाही. उताणा एकट्या तुझ्या भावाचा.

तो चिडला. म्हणाला, "शाळांना उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागेपर्यंत बघतो. तोवर टेबलावर टिकेल असं एक पुस्तक मिळालं नाही, तर हे वाचन बंद. ज्यानं त्यानं आपापल्या खोलीत जाऊन काय वाचायचं ते वाचावं."

दोन्ही पोरं खोलीत जाऊन काय वाचतात ते मला दाराखालच्या उजेडावरून कळतं. सूनबाई झोपेल. तो टीव्ही बघेल. आणि मी माझ्या खोलीत जाऊन काय वाचू? भिंत? उभ्या जन्मात जे काही शहाणपण माझ्या डोक्यात शिरलं ते त्या टेबलाशी, कानावाटे शिरलं. मुंग्यांचं, भूकंपाचं, कुष्ठरोग्यांच्या डॉक्टरचं. ती वाट बंद झाली की मी नुसती भांडी घासणारी म्हातारी उरते.

तेव्हा पाठव. देवाचं असावं पण पाकात घोळलेलं नसावं. घडलेलं असावं. त्यात निदान एक माणूस चिडणारा असावा.

समुद्रातल्या तारेबद्दल मी काही विचारत नाही. ते पुस्तक तुझ्याकडे आहे, राहू दे.

तुझी आई, अजून जिवंत


४ डिसेंबर

थोरले,

उत्तर नाही. पोस्टात चौकशी केली तर खिडकीतला म्हणाला, "आजी, हल्ली पत्रं कुणी लिहीत नाही." म्हटलं, "मी लिहिते की! तेवढ्यासाठीच तुला खुर्ची दिलीय."

शेवटी मीच दुकानात गेले. चर्चच्या मागच्या गल्लीत, जिन्याखाली आहे ते. दुकानदार मफलर गुंडाळून बसला होता.

"काय हवंय, आजी?"

"घरात मोठ्यानं वाचायला पुस्तक. देवाचं हवं, खरं हवं आणि झोप येणार नाही असं हवं."

"तिन्ही एकात?"

"तुमच्याकडे एवढी फळ्यांवर फळ्या पुस्तकं आहेत, मला एकच हवंय."

त्यानं एक काढून पुढं केलं. मी म्हटलं, "चाळिसावं पान उघडा आणि वाचा."

"मी?"

"मग काय मी? चष्मा तुम्ही लावलाय."

पुस्तक निवडायची माझी ही रीत तुला ठाऊक आहे, तू हसायचीस. पण पहिलं पान सगळेच अंघोळ करून लिहितात. चाळिसाव्या पानावर लेखक घरच्या कपड्यांत सापडतो.

पहिल्या पुस्तकाच्या चाळिसाव्या पानावर एक मुलगा खोटं बोलला. पुढच्या पानावर तो तापानं मेला आणि सगळ्या गावानं पश्चात्ताप केला. मी म्हटलं, "ह्यातली पोरं फार लवकर मरतात."

"पण स्वर्गात जातात ना, आजी."

"आमची नात हाक मारून टेबलाशी येत नाही, तिला स्वर्गात कुठं पाठवू? दुसरं काढा."

दुसऱ्यात प्रार्थना करून धंदा कसा वाढवावा ते होतं. तिसऱ्यात जगाचा शेवट कधी होणार त्याचा नकाशा होता, सात डोक्यांच्या जनावरासकट. मी म्हटलं, "शेवट जवळ आलाय तर तुम्ही दुकान कशाला उघडलंय?" मागं एक बाई उभी होती. तिनं विचारलं, "हे वाचन रोज असतं का?" दुकानदारानं मफलर सोडला. घाम फुटला होता त्याला.

चौथं घेतलं. दूरदेशी गेलेल्या एका धर्मोपदेशकाचं चरित्र. चाळिसाव्या पानावर नदीला पूर आला होता, तो आवडला मला. पण घरी आणल्यावर कळलं की पूर ओसरला आणि ह्या माणसाला काहीच झालं नाही. घोडा मेला, चेहरा शांत. झोपडी जळली, चेहरा शांत. बायको आहे की नाही ते तीन संध्याकाळी कळलंच नाही, आणि मग एका ओळीत तिला तीन मुलं झाली. टिटवी म्हणाली, "आजी, ह्याला काही होतच नाही, मग मी काळजी कशाची करू?" चमचे पालथे. तुझ्या भावाचा उताणा होता, पण वाचताना त्यालाही जांभई आलेली मी पाहिली आहे.

मग खांबानं शाळेतून एक ज्ञानाचं पुस्तक आणलं. बोलला नाही, नुसतं टेबलावर आपटलं. हजार गोष्टी, एकीचा दुसरीशी संबंध नाही. जिराफाची जीभ केवढी, जगातला सगळ्यात लठ्ठ माणूस केवढा, कुठल्या माशाला झोप येत नाही. पहिल्या संध्याकाळी सगळे हसले. दुसऱ्या संध्याकाळी निम्मे. तिसऱ्या संध्याकाळी मला वाटलं, कुणीतरी माझ्या ओंजळीत बटणं ओततोय आणि शर्ट कुठंच नाही. माझा चमचा पहिला पालथा पडला. खांबानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचा मासाच मारला.

माझं डोकं उठलंय. सगळं जग पुस्तकं छापत सुटलंय, दुकानात उभं राहायला जागा नाही, आणि पाच माणसांच्या एका टेबलाला एक पुस्तक मिळत नाही. तू असतीस तर एव्हाना चार नाकारून पाचवं आणून ठेवलं असतंस. मी तुझी वाखाणणी करत नाही. तो तुझा धंदाच आहे. सुताराच्या घरी स्टूल लंगडं असावं, तसं झालंय.

लिहू नकोस. पुस्तकं पाठव.

आई


९ जानेवारी

थोरले,

पार्सल मिळालं. तीन पुस्तकं, आणि चिठ्ठीचा कपटासुद्धा नाही. मी पुस्तकं उलटी करून झाडून पाहिली. 'लिहू नकोस' असं मी म्हटलं होतं खरं, पण माझं एवढं ऐकायची सवय तुला कधीपासून लागली?

आता पुढचं ऐक आणि दात खाऊ नकोस. तुझ्या भावानं पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि पार्सल जसंच्या तसं कपाटावर टाकलं. "जिला ह्या घरात यायचं नाही, तिची पुस्तकंही ह्या घरात नकोत."

मी म्हटलं, "पुस्तकांनी तुझं काय घोडं मारलंय?"

"आई, तू ह्यात पडू नकोस."

"मी ह्यात पडलेलीच आहे. तुम्हा दोघांना जन्म दिला तेव्हाच पडले."

तो लिफ्टचे स्क्रू-पाने घेऊन कामाला निघून गेला. तुझ्यासारखाच. भांडण अर्धं ठेवून निघून जायचं ही कला दोघांनी एकाच पोटातून आणलीय.

त्या दिवशीचं मी उकरत नाही. पण दोघांचंही चुकलं हे माझं मत मी मरेपर्यंत सोडणार नाही. बाबांना पुरून आठवडा झाला नव्हता. तू तारेचं पुस्तक टेबलावर ठेवलंस, म्हणालीस, "बाबांनी अर्ध्यावर सोडलंय, पुरं करू." तो म्हणाला, "घरात माणूस गेलाय आणि तुला समुद्रातली तार सुचतेय? आता इथं फक्त देवाचं वाचायचं." तू म्हणालीस, "बाबांना दोन्ही देवाचंच वाटायचं." मग तो ओरडला, मग तू ओरडलीस, आणि मग पुस्तक पिशवीत आणि तू दाराबाहेर. दोन वर्षं झाली. त्याचंही खरं होतं, त्याला तेव्हा बापाच्या आवाजातलं काही नको होतं. तुझंही खरं होतं. दोघं खरं बोललात आणि माझं टेबल ओस पाडलंत.

असो. तो कामावर गेल्यावर स्टूल ओढलं, पार्सल उतरवलं. माझी कंबर अजून कुरकुरतेय. तिन्ही पुस्तकांतलं जाडीला मध्यम ते उचललं आणि टिटवीला म्हटलं, "चाळिसावं पान." एक नर्स होती, कुठल्याशा मिशनच्या दवाखान्यात, बेटावर. छप्पर गळतंय, बाळंतीण अडलीय, दिव्यात तेल नाही, आणि ही बाई गुडघ्यावर बसून देवाला विचारतेय, "मी तुला छप्पर मागितलं होतं, पाऊस नव्हे. तुला ऐकू कमी येतं का?"

मी टिटवीला म्हटलं, "बस्स. हेच."

मग मी जे केलं ते तुला सांगते, त्याला सांगायची हिंमत नाही. बारा पायऱ्यांचं कव्हर काढलं, ते हसणारं कुत्र्यासकट, आणि नर्सच्या पुस्तकाला चढवलं. दोन बोटं मोठं होत होतं, ते आत दुमडलं. मूळच्या बारा पायऱ्या उघड्यानागड्या माझ्या गादीखाली आहेत. तुझी उरलेली दोन पुन्हा बांधून कपाटावर ठेवली. टिटवीला दम दिलाय. बघू किती तास टिकतो.

आई


२६ जानेवारी

थोरले,

सगळं सुरळीत चाललंय आणि त्यामुळंच मला घोर लागलाय.

पहिल्या संध्याकाळी मी त्याच्यासमोर पुस्तक ठेवलं, म्हटलं, "पाळकांच्या पुस्तकावर आपण अन्याय केला. पुन्हा एकदा बघू." त्यानं कव्हराकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. उघडलं. पहिल्या पायरीवर नर्स कशी आली असं विचारील, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. म्हणणार होते की ही नवी आवृत्ती आहे. विचारलंच नाही. मी मनात म्हटलं, हा वाचतो पण स्वतःचं वाचलेलं स्वतः ऐकत नाही, हे किती बरं!

पण नंतर लक्षात आलं की हा नीट वाचतोय. थांबायच्या जागी थांबतोय. खोकला नाही. नर्सचं वाक्य नर्ससारखं, होडीवाल्याचं होडीवाल्यासारखं. बाळंतिणीच्या रात्रीचं वाचताना तर सूनबाई, जी एरवी दुसऱ्या पानाला पेंगते, ती ताठ बसून म्हणाली, "अगदी अस्संच होतं वॉर्डात! डॉक्टर नाही, दिवा नाही आणि नातेवाईक माझ्यावर ओरडणार." मग तिनं स्वतःच्या वॉर्डातलं सांगितलं. लग्नाला सोळा वर्षं झाली, मी तिच्या तोंडून हॉस्पिटलचं एवढं कधी ऐकलं नव्हतं. खांबानं विचारलं, "मग ते बाळ जगलं?" चार शब्द! मी मोजले.

तिसऱ्या संध्याकाळी चमचे ठेवले. पाचही उताणे. असं बाबा होते तेव्हा व्हायचं.

आता घोर कसला ते सांगते. पाळकांना कुणीतरी सांगितलं की बारा पायऱ्या आमच्या घरी फार आवडीनं वाचल्या जातात. कुणी सांगितलं असेल? टिटवीनं, दुसरं कोण. उपासना सुटल्यावर पाळकांनी सगळ्यांसमोर माझा हात धरला, म्हणाले, "आजी, तुमच्या घराचा कित्ता सगळ्या मंडळीनं गिरवावा. पुढच्या शनिवारी मी जेवायला येतो आणि वाचन ऐकतो."

मी हो म्हटलं. चर्चच्या दारात उभी राहून नाही कसं म्हणणार?

तू असतीस तर म्हणाली असतीस, भोग आता. म्हण. पण इथं येऊन म्हण.

आई


३ फेब्रुवारी

थोरले,

काल पाळक येऊन गेले. जसं झालं तसं लिहिते.

जेवण झालं. पाळकांनी ओठ पुसले, हात जोडून बसले. तुझ्या भावानं पुस्तक उचललं. कव्हरावरचा कुत्रा पाळकांकडे तोंड करून हसत होता. पाळक म्हणाले, "कितव्या पायरीवर आलात?"

टिटवी म्हणाली, "आम्ही पायऱ्या उतरून होडीत बसलोय." मी टेबलाखालून तिला लाथ मारली. ती खांबाला लागली. खांब काही बोलला नाही, खांबच तो.

तुझा भाऊ वाचू लागला. नर्सचा दवाखाना चालवणाऱ्या समितीचे लोक बोटीनं पाहणीला आलेत. ते गळक्या छपराखाली बसून तिला विचारतात की ती प्रार्थना किती वेळ करते. ती म्हणते, "तुम्ही बसलात तिथून जरा सरका, म्हणजे बादली ठेवता येईल, आणि मग सांगते." सूनबाईला हसू फुटलं. खांब हसला, आवाज करून. पाळकांना तर हसताना ठसकाच लागला, पाणी दिलं. मी मात्र चमचा हातात घट्ट धरून बसले होते.

वाचन संपलं. पाळक डोळे पुसत म्हणाले, "काय सुंदर पुस्तक आहे हो! मी उगाच इतके दिवस वाचायचं ठेवलं."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही वाचलेलं नाही?"

"वेळ कुठं मिळतो, आजी. कव्हर बघून सुचवलं. फार आनंदी कव्हर आहे."

मला एवढा राग आला की भीती पळाली. तीन महिने मी वणवण फिरतेय, दुकानदाराला घाम फोडतेय, आणि ह्या गृहस्थांनी कुत्र्याचे दात बघून आमच्या टेबलावर पुस्तक पाठवलं! मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुझा भाऊ म्हणाला, अगदी शांतपणे, "साहेब, तुमचं फक्त कव्हर आहे. आतलं पुस्तक माझ्या बहिणीनं पाठवलंय."

माझ्या हातातला चमचा खाली पडला.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्या संध्याकाळी. आई, मी लिफ्ट दुरुस्त करतो. दार एका मजल्याचं आणि लिफ्ट दुसऱ्याच मजल्यावर, हे मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं पुस्तक माझ्या नाकासमोर धरलं. "हे बघ." मला काय दिसणार, करडं पान. टिटवीनं माझं बोट धरून ओळीवर ठेवलं. "ठिपके आहेत, आजी. इथं, इथं आणि इथं." पेन्सिलीचा ठिपका बोटाला काय लागणार! पण मान हलवली, नाहीतर ती सोडतेय कुठं.

मग तो म्हणाला, पाळकांना नाही, सूनबाईला नाही, त्या पानाला म्हणाला, "बाबांचा दम लांब होता. त्यांच्या पुस्तकांत ती ओळीला एक ठिपका घालायची. ह्यात ओळीला तीन-तीन आहेत. हे बाबांसाठी घातलेले नाहीत."

लहानपणी तो जिना चढताना मधे बसायचा आणि तू वरच्या पायरीवर त्याच्यासाठी थांबायचीस. मी खालून ओरडायचे की उशीर होतोय.

पाळक उठले. चप्पल घालताना हळूच म्हणाले, "आजी, ते बारा पायऱ्यांचं तुमच्याकडे असेल तर वाचून बघतो म्हणतो." मी गादीखालून काढून दिलं, कव्हर नसलेलं.

ह्या पत्रात मी काही मागत नाही.

आई


१७ एप्रिल

थोरले,

आता मागते.

नर्सचं पुस्तक काल संपलं. म्हातारी झाली ती, छप्पर मिळालं तिला, आणि मिळाल्यावर म्हणते की आता रात्री आवाज नसल्यामुळं झोप येत नाही. मला पटलं. तुझी उरलेली दोन्ही पुस्तकं तुझ्या भावानं कपाटावरून स्वतः उतरवली. आत ठिपके आहेत का ते आधी बघितलं, लपून. मी बघितलं हे त्याला माहीत नाही. दोन्हींत आहेत.

सुट्ट्या परवा लागल्या. वाचन बंद करायचं कुणी बोललं नाही. मीही आठवण केली नाही, मी काय खुळी आहे?

पण काल पुस्तक मिटल्यावर टिटवीनं विचारलं, "आजी, आजोबा शेवटी काय वाचत होते? मी तेव्हा झोपायचे." मी सांगायला लागले. की मोठं जहाज होतं, त्याच्या पोटात मैलोन् मैल तार गुंडाळलेली. ह्या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्याला बोलता यावं म्हणून ती तार समुद्राच्या तळाशी सोडत चालले होते. आणि निम्म्याच्या पुढं गेल्यावर ती तुटली. खाली गेली, जिथं उजेड जात नाही अशा जागी. मग त्या लोकांनी दोराला आकडे बांधले आणि एवढ्या समुद्रात ती बोटभर जाडीची तार चाचपायला लागले. एकदा लागली, वर येता येता सुटली. पुन्हा टाकला आकडा. तिथं बाबांना खोकला आला आणि त्यांनी पुस्तक मिटलं, म्हणाले, "उद्या." उद्या ते दवाखान्यात होते.

"मग सापडली का?" टिटवी.

मी म्हटलं, "मला काय माहीत. त्यानंतर कुणी वाचलंय?"

खांबानं फोन काढला. "दोन मिनिटांत सांगतो. कुठल्या साली?"

"ठेव तो!" तुझा भाऊ असा ओरडला की पाणी सांडलं. "त्याला हात लावशील तर बघ. ते पुस्तक आहे. ज्या पानावर बाबांनी सोडलं त्या पानापासून वाचायचं. आणि ते ताईकडे आहे."

दोन वर्षांनी 'ताई' म्हणाला. पाणी पुसायच्या निमित्तानं टेबलाखाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

तर खांबाला आता ठाऊक आहे, त्यानं खोलीत जाऊन बघितलंच असणार, तो काही साधू नाही. पण सांगत नाही. आजवर त्याच्या न बोलण्याचा मला राग यायचा, पहिल्यांदा उपयोग झाला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळते, न जाणो कळलं तर.

आता स्वच्छ लिहिते. दोन वर्षं मी "तारेबद्दल विचारत नाही" म्हणतेय. विचारतेय. भांडी घासताना विचारतेय, उपासनेत पाळक बोलत असताना विचारतेय. तार सापडली का? मला पत्रानं कळवू नकोस. पार्सल पाठवू नकोस, पोस्टातला तो खिडकीवाला हल्ली मला बघून खिडकी लावतो. पुस्तक पिशवीत घालून नेलंस, तसंच पिशवीत घालून आण. तुझ्या भावानं खुर्ची पुसून ठेवली आहे. बाबांची नाही, बाबांच्या खुर्चीत तोच बसेल, त्यावर वाद नको. तुझी, खिडकीजवळची.

ह्या पुस्तकात ठिपके बाबांच्या दमाचे असतील. ते खोडून पुन्हा घालावे लागतील, वेळ काढून ये.

आणि एक. जो टेबलाशी नाही त्याला चमचा नाही, हा नियम आज मी मोडला. तुझ्या जागेवर तुझा चमचा उताणा ठेवलाय. तुला पटत नसेल तर पालथा कर. पण तो पत्रानं पालथा होत नाही, त्याला हात लावावा लागतो.

आई